काक्षी मंदावली, की आपली हवा?

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. चंद्र नाही, पावसाळा नुकताच सरलेला, हवा धुतलेली. हिशेबाने पाहता वर्षातल्या उत्तम आकाशांत या रात्रीचा क्रमांक लागायला हवा. प्रत्यक्षात आमच्या कृष्णाकाठच्या गावात त्या रात्री माथ्यावरचे चारदोन ठळक तारे सोडले तर काही दिसत नाही. फटाक्यांचा धूर घरांच्या वर तरंगत राहतो आणि दिव्यांच्या उजेडात पांढरट दिसतो. माझ्या २००४ सालच्या वहीत त्या रात्रीची एक नोंद आहे : ‘काक्षी उगवली. नेहमीपेक्षा पुष्कळ मंद. रोहिणीहूनही कमी.’ वेळ लिहिलेली नाही. काक्षी क्षितिजापासून किती वर होती, ते लिहिलेले नाही. धुराचा तर उल्लेखच नाही.

असल्या नोंदी मला पुढे महागात पडल्या. ती हकिगत सांगणे हा या लेखाचा एक हेतू. दुसरा हेतू असा, की नुसत्या डोळ्यांनी ताऱ्याचे तेज ठरवताना आपण ताऱ्याबरोबर आणखी काय काय मोजत असतो, हे नीट मांडून ठेवावे. मराठीत आकाशदर्शनावर भरपूर लेखन झाले आहे. मात्र तारा आणि डोळा यांच्यामध्ये जी हवा असते, तिच्याकडे आपण सहसा ‘आज आकाश स्वच्छ नाही’ एवढे म्हणून पाठ फिरवतो.

काक्षी म्हणजे मृग नक्षत्रातील तांबूस तारका. पाश्चात्त्य नाव बीटेलज्यूज. मृगाच्या चार पायांचा जो मोठा चौकोन दिसतो, त्यातला एक कोपरा तिचा; समोरच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य. नक्षत्रमालिकेतल्या आर्द्रेची योगतारा म्हणूनही पुष्कळ जण हिलाच ओळखतात. सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. शेतकऱ्याला ही आर्द्रा पावसामुळे माहीत असते. त्या दिवसांत काक्षी सूर्याच्या उजेडात बुडालेली असते, त्यामुळे पावसाळ्यामुळे तिच्या निरीक्षकाचे फारसे नुकसान होत नाही. बाकीच्या ताऱ्यांचे निरीक्षक पावसाला बोल लावतात, तेव्हा आम्ही गप्प असतो.

ही तारका रूपविकारी आहे, म्हणजे तिचे तेज कमीजास्त होते. जॉन हर्शेल १८३० च्या दशकात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी दुर्बिणी घेऊन राहिला होता. तिथे १८३६ साली त्याच्या लक्षात आले, की ठळक ताऱ्यांच्या क्रमवारीत काक्षीची जागा स्थिर नाही. चार वर्षांनी त्याने ते जाहीर केले. यासाठी त्याला कुठलेही यंत्र लागले नाही. एका ताऱ्याची दुसऱ्याशी डोळ्यांनी तुलना करणे, एवढेच त्याचे साधन होते.

तेच साधन घेऊन मी २००४ ते २०११ अशी सात वर्षे काक्षीच्या नोंदी केल्या. खगोलशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. जे शिकले ते ग्रंथालयातली पुस्तके, नकाशे आणि गच्ची यांवर. सात वर्षांच्या नोंदींचा आलेख काढला तेव्हा त्यात एक सुंदर लय दिसली. दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात काक्षी मंद, फेब्रुवारी-मार्चमध्ये तेजस्वी, मेमध्ये पुन्हा मंद. मी उत्साहाने लेख लिहिला, काक्षी दर हिवाळ्यात श्वास घेते अशा थाटाचा. तो एका नियतकालिकात छापून आला, आणि ओळखीच्यांनी कौतुकही केले.

पुढे एका शाळेत तोच आलेख फळ्यावर काढून दाखवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “बाई, तिला आपला डिसेंबर आलेला कसा कळतो?”

वर्ग हसला. मलाही हसू आले, पण घरी जाईपर्यंतच. काक्षी आपल्यापासून पाचशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. पृथ्वी सूर्याभोवती कुठवर फिरून आली याच्याशी तिचा काही संबंध असण्याचे कारण नाही. एखाद्या ताऱ्याच्या आलेखात बरोबर बारा महिन्यांची लय दिसली, तर ती पृथ्वीवरचीच कुठलीतरी गोष्ट असणार, अशी शंका आधी यायला हवी. मी पृथ्वीची हवा मोजत होते आणि तिला काक्षीचे नाव देत होते.

प्रत म्हणजे काय

ताऱ्यांच्या तेजासाठी मराठीत ‘प्रत’ हा शब्द रूढ आहे. ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, ही वाटणी प्राचीन ग्रीकांपासूनची. आकडा वाढला की तेज कमी, हे नवख्याला उलटे वाटते. पण परीक्षेतला पहिला नंबर तसाच असतो. या वाटणीला गणिती शिस्त लावली नॉर्मन पॉग्सन याने. १८५६ साली ऑक्सफर्डमध्ये असताना त्याने सुचवले, की पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक मानावा. त्यामुळे एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे २.५१ पट. हाच पॉग्सन १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होऊन आला आणि १८९१ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या हाताखालचे चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली ‘आर रेटिक्युली’ हा दक्षिण आकाशातला तारा रूपविकारी असल्याचे शोधून काढले. ताऱ्यांचे तेज मोजण्याची जगभर चालणारी मोजपट्टी ज्याने आखली, तो माणूस तीस वर्षे मद्रासच्या दमट हवेतून आकाश पाहत होता, याची मला गंमत वाटते.

डोळ्यांनी प्रत ठरवण्याची रीत साधी आहे. जर्मन खगोलज्ञ आर्गेलांडर याने एकोणिसाव्या शतकात तिला वळण लावले. ज्यांची प्रत माहीत आहे असे दोन तारे निवडायचे, एक आपल्या ताऱ्याहून थोडा तेजस्वी आणि एक थोडा मंद. मग आपला तारा त्या दोघांच्या दरम्यान कुठे बसतो ते ठरवायचे. समजा, एकाची प्रत १.० आणि दुसऱ्याची १.५ आहे व आपला तारा मध्याच्या जरा अलीकडे, तेजस्वी बाजूला वाटतो, तर त्याची प्रत १.२. सराव झालेला डोळा एकदोन दशांशांपर्यंत अचूक सांगतो.

या रीतीत एक अट दडलेली आहे. तिन्ही ताऱ्यांचा प्रकाश सारख्याच हवेतून आलेला असला पाहिजे. दुर्बिणीच्या एका दृश्यात मावणाऱ्या मंद ताऱ्यांच्या बाबतीत ही अट आपोआप पाळली जाते. हवा खराब असली तरी ती सगळ्यांना सारखीच खराब असते. काक्षीचे तसे नाही. तिच्या तोडीचे तारे थोडे आणि लांब लांब विखुरलेले. रोहिणीची प्रत सुमारे ०.९, पुनर्वसूतल्या पोलक्सची १.१, प्रश्वाची ०.४ आणि मृगाच्याच दुसऱ्या पायाची, बेलाट्रिक्सची, १.६. रोहिणी काक्षीच्या सव्वा तासाहून अधिक आधी उगवते, तर प्रश्वा तिच्या बऱ्याच नंतर. म्हणजे तुलना करताना एक तारा वर असतो आणि दुसरा खाली. माझ्या चुकीचे मूळ इथे होते.

वरचा तारा आणि खालचा तारा

तारा अगदी माथ्यावर असेल तर त्याचा प्रकाश वातावरणातून सरळ उभा खाली येतो. या वाटेला आपण हवेचा एक थर म्हणू. तारा क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर वाट तिरपी होते आणि प्रकाशाला दोन थर ओलांडावे लागतात. २० अंशांवर जवळजवळ तीन थर, १० अंशांवर साडेपाचांहून थोडे अधिक. क्षितिजावर तर अडतीसच्या आसपास. मावळत्या सूर्याकडे आपण डोळे उघडून पाहू शकतो, त्याचे कारण हेच.

प्रत्येक थरात काही प्रकाश हरवतो. हवेचे रेणू तो इकडेतिकडे उधळतात, तांबड्यापेक्षा निळा अधिक. आकाश त्यामुळेच निळे दिसते. धूळ, धूर आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब त्यात भर घालतात. ओझोन थोडा प्रकाश शोषतो. स्वच्छ रात्री मैदानी प्रदेशात एका थरामागे साधारण पाव प्रतीची घट होते. याचा अर्थ माथ्यावरच्या ताऱ्याचाही पाचवा हिस्सा प्रकाश आपल्यापर्यंत पोचत नाही. उंच डोंगरावर ही घट कमी असते. धुरकट रात्री ती अर्ध्या प्रतीवर किंवा त्याहूनही पुढे जाते.

आता डिसेंबरच्या मध्यावरची रात्र घ्या. आमच्या अक्षांशावर सव्वाआठच्या सुमारास काक्षी पूर्वेला सुमारे २० अंश वर आलेली असते. त्याच वेळी रोहिणी ४१ अंशांवर असते. काक्षीच्या वाटेत २.९ थर, रोहिणीच्या वाटेत दीड. फरक १.४ थरांचा. हवा स्वच्छ असेल तर एवढ्याने काक्षी रोहिणीच्या तुलनेत सुमारे ०.३५ प्रतीने मंद दिसते. हवा धुरकट असेल तर ०.७ प्रतीने, म्हणजे तिचे तेज जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसते. एरवी काक्षीची प्रत अर्ध्याच्या आसपास असते, ती रोहिणीहून उघडच तेजस्वी आहे. पण धुरकट डिसेंबरात, रात्रीच्या जेवणाआधी गच्चीवर जाणाऱ्याला ती रोहिणीहून मंद दिसणार.

फेब्रुवारीच्या मध्याला रात्री साडेआठला चित्र पालटते. दोघीही माथ्याजवळ, क्षितिजापासून पंचाहत्तर अंशांच्या वर असतात. दोघींच्या वाटेत जेमतेम एकेक थर. आता हवा कशीही असो, ती दोघींना सारखीच. काक्षी आपल्या खऱ्या तेजाने दिसते. मे महिन्यात दोघी पश्चिमेला उतरतात आणि पुन्हा गोंधळ सुरू होतो.

मी सातही वर्षे रोज साधारण एकाच वेळी, आठच्या सुमारास गच्चीवर जात होते. त्या नियमितपणाचा मला अभिमान होता. त्याच नियमितपणामुळे ऋतूंची लय माझ्या वहीत इतकी स्वच्छ उमटली.

धूर, ढग आणि चंद्र

थरांचा हिशेब गणिताने करता येतो. पण एका थरामागची घट किती, हे रात्रीगणिक बदलते. आमच्या भागात ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस गेल्यावरच्या चारआठ रात्री सर्वांत स्वच्छ असतात. मग ऊसतोड सुरू होते. फड मोकळा झाला की पाचट पेटवतात, गुऱ्हाळांची धुराडी चालू होतात. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची हवा त्याहून उबदार अशी उलटी मांडणी होते. गार हवा जड असल्याने वर चढत नाही आणि धूर नदीच्या खोऱ्यात कोंडून राहतो. अशा वेळी डोक्यावर आकाश काळेभोर दिसते आणि पूर्वेला वीस अंशांपर्यंत तपकिरी पट्टा असतो. निरीक्षक वर पाहून वहीत ‘आकाश स्वच्छ’ लिहितो आणि तारा मात्र पट्ट्यातला मोजतो. मीही तसेच लिहीत होते.

आमच्या मळ्याच्या वाटेवरचे एक शेतकरी मला संध्याकाळी आवर्जून सांगतात, “ताई, आज काय दिसायचं न्हाई बगा, फड पेटवायचाय.” पूर्वी मी त्या रात्री वही उघडत नसे. आता उघडते आणि पहिल्या ओळीत तेच लिहिते.

धुरापेक्षा फसवे असतात ते उंचावरचे पातळ, तंतूंसारखे ढग. दिवसा ते पिंजलेल्या कापसासारखे दिसतात, रात्री मुळीच दिसत नाहीत. त्यांची जाडी जागोजाग वेगळी असते, त्यामुळे एक तारा झाकला जातो आणि दुसरा सुटतो. यावर गणिताचा उपाय नाही. चंद्र असेल तर त्याच्याभोवतीचे मोठे खळे या ढगांची चुगली करते. चंद्र नसेल तर सूर्यास्ताच्या वेळी पश्चिमेकडे पाहून ठेवावे, आणि रात्री कृत्तिका मोजाव्यात. सहा तारका नीट दिसल्या तर तिथे सव्वाचार प्रतीपर्यंतचे तारे दिसत आहेत. चारच दिसल्या तर काहीतरी आडवे आले आहे. पण हे माप कृत्तिकांच्या दिशेपुरते आणि उंचीपुरतेच, हे विसरू नये.

चंद्राची अडचण वेगळी. तो प्रकाश खात नाही, पार्श्वभूमी उजळवतो. काक्षी चंद्राच्या वाटेपासून फार लांब नाही, आणि रोहिणी तर तिच्या अगदी लगत आहे. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या आसपास चंद्र एका रात्री रोहिणीजवळ असतो आणि एकदोन रात्रींनी काक्षीच्या वरून जातो. ज्या तारकेजवळ चंद्र, ती फिकी वाटते. त्यामुळे लागोपाठच्या दोन रात्रींत काक्षी आधी रोहिणीच्या तुलनेत उजळलेली आणि मग मंदावलेली दिसू शकते, प्रत्यक्षात काहीच घडलेले नसताना. रस्त्यावरचे पांढरे दिवे हेच काम रोज करतात, फक्त त्यांची दिशा बदलत नाही.

डोळ्याचा स्वभाव

आकाशाचा परिणाम शेवटी डोळ्यातच होतो आणि डोळ्याला स्वतःचे स्वभाव आहेत. आपल्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दांड्यासारख्या पेशी अंधारात जाग्या होतात, त्यांना रंग कळत नाहीत आणि तांबडा प्रकाश तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. अंधार वाढला की निळ्या वस्तू तांबड्यांच्या तुलनेत उजळ वाटू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने हे टिपले, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. संध्याकाळी बागेत तांबडे जास्वंद काळे पडते आणि हिरवी पाने अजून दिसत राहतात, ते याचमुळे. मंद ताऱ्यांच्या बाबतीत हा परिणाम ठळक असतो. चांदणे किंवा दिव्यांचा उजेड असलेल्या रात्री तांबडा तारा शेजारच्या पांढऱ्याच्या मानाने उजळ वाटतो, गडद अंधारात तोच मागे पडतो. तारा तोच, उजेड वेगळा.

तांबड्या ताऱ्याची आणखी एक खोड आहे. त्याच्याकडे टक लावून पाहिले की तो हळूहळू तेजस्वी वाटू लागतो. म्हणून अशा ताऱ्याकडे पाहत राहू नये. झटकन एक नजर टाकून दुसऱ्या ताऱ्याकडे वळावे. दोन तारे एकमेकांच्या वरखाली असतील तरी डोळा फसतो. तेव्हा दोन्ही तारे दोन्ही डोळ्यांच्या रेषेत येतील अशी मान कलती करावी. गच्चीवर मान वाकडी करून उभी असलेली बाई पाहून शेजाऱ्यांना काय वाटते, हा प्रश्न मी सोडून दिला आहे.

वयाचाही हिशेब असतो. पन्नाशीच्या आसपास डोळ्यातले भिंग पिवळसर होऊ लागते आणि निळा प्रकाश अडवते. त्यामुळे निळसर राजन्य माझ्या तिशीतल्या डोळ्यांना जसा दिसत होता तसा आता दिसत नाही. काक्षीचे मात्र तेवढे नुकसान होत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेली माणसे निळा रंग पुन्हा उजळ दिसू लागल्याचे सांगतात, त्याचे कारण तेच. काक्षीची तुलना मी आता शक्यतो रोहिणीशी करते, कारण तीही तांबूस आहे. तिचे स्वतःचे तेजही किंचित हलते, पण तेवढा दोष पत्करावा लागतो.

२०१९ चा हिवाळा

चूक कळल्यावर मी नोंदींची रीत बदलली. वेळ मिनिटापर्यंत लिहू लागले. प्रत्येक ताऱ्याची उंची, चंद्र कुठे आहे, कृत्तिका किती दिसल्या, धूर कुठल्या दिशेला, हेही लिहू लागले. त्या रात्रीची घट ठरवण्यासाठी एक युक्तीही सापडली. ज्यांची प्रत ठाऊक आहे असे दोन स्थिर तारे घ्यायचे, एक वरचा आणि एक खालचा. त्यांच्यातला फरक पुस्तकातल्या फरकापेक्षा किती अधिक दिसतो ते पाहायचे आणि त्याला थरांच्या फरकाने भागायचे. आलेला आकडा म्हणजे त्या रात्रीची हवा. बारा महिन्यांची लय वहीतून हळूहळू नाहीशी झाली आणि खऱ्या, अनियमित हालचाली दिसू लागल्या. त्यांत सुमारे चारशे दिवसांची एक ओबडधोबड आवर्तने आहेत, ती जगभरच्या निरीक्षकांना ठाऊक होती.

मग २०१९ चा डिसेंबर आला. महिन्याच्या मध्यावर सव्वाआठ वाजता मी काक्षी पाहिली आणि ती बेलाट्रिक्सच्या जवळपास, सुमारे १.८ प्रतीची वाटली. पूर्वीची मी असते तर धावत खाली येऊन सगळ्यांना सांगितले असते. पण एकदा पोळले होते. मी वहीत लिहिले : ‘पूर्वेला धूर. थरांचा फरक १.४. घट मोठी. विश्वास ठेवू नये.’ आणि वही मिटली.

दोन दिवसांनी शांतपणे हिशेब केला. त्या रात्रीची घट एका थरामागे ०.४ निघाली होती. १.४ ला ०.४ ने गुणले की सुमारे ०.५५. १.८ मधून ते वजा केले तर सव्वा प्रत उरते. काक्षी एरवी अर्ध्या प्रतीच्या आसपास असते. म्हणजे सगळी हवा वजा केल्यावरही तीन चतुर्थांश प्रतीची घट शिल्लक होती, आणि ती काक्षीची होती. पहिल्या वेळी मी हवेला तारा समजले. या वेळी ताऱ्याला हवा समजून सोडून देणार होते. वहीतल्या आकड्यांनी मला दोन्ही बाजूंनी अडवले.

त्याच महिन्यात अमेरिकेतील एडवर्ड गिनन आणि रिचर्ड वासाटोनिक यांनी काक्षी असाधारण मंदावल्याचे खगोलज्ञांना कळवले होते. प्रकाशमापक यंत्रांच्या नोंदी डिसेंबरात १.१ ते १.३ दरम्यान होत्या. माझा सव्वाचा आकडा त्यांत बसत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ती १.६ प्रतीपर्यंत उतरली. तेव्हा ती माथ्याजवळ होती आणि वजाबाकीची गरजच नव्हती. गच्चीवर पाठ टेकून पाहिले तर मृगाचे ते दोन पाय, काक्षी आणि बेलाट्रिक्स, तेजाने जुळे दिसत होते, फक्त एक तांबूस आणि दुसरी निळसर. नेहमीच्या तेजाच्या मानाने काक्षीचा प्रकाश निम्म्याहून खाली आला होता. ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ बनली आणि ती आपल्या बाजूला आडवी आली, शिवाय ताऱ्याच्या पृष्ठभागाचा काही भाग थंड झाला होता, असा त्याचा उलगडा पुढे झाला. म्हणजे तिथेही धूळच होती, पण काक्षीच्या दारातली.

जपानचा हिमावारी-८ हा हवामान उपग्रह पृथ्वीचे ढग टिपत असताना त्याच्या चित्रांच्या कडेला आपसूक काक्षीही टिपली जात होती. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी ती चित्रे शोधून त्यावरून काक्षीच्या तेजाचा साडेचार वर्षांचा आलेख काढला. तो वातावरणाच्या बाहेरून घेतलेला, हवेची वजाबाकी न लागणारा आलेख आहे. त्यातही ती घट तशीच दिसते.

जुन्या वह्यांचे काय

इतके उपग्रह असताना डोळ्यांच्या नोंदी कशाला, असे मला विचारतात. एक कारण असे, की काक्षीसारखे तारे मोठ्या दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांना झेपत नाहीत, त्यांच्या प्रकाशाने चित्र पांढरे होऊन जाते. दुसरे कारण काळाचे. उपग्रह काल-परवाचे, डोळ्यांच्या नोंदी हर्शेलपासूनच्या. अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना १९११ पासून जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी जमवते. तिला नोंद पाठवताना चांदणे, धूर, ढग, क्षितिजाजवळचा तारा यांसाठी ठरावीक खुणेची अक्षरे जोडता येतात. आता जेसोर या बांगलादेशातल्या गावी राधागोविंद चंद्र नावाचे सरकारी खजिन्यातले एक कर्मचारी होते. शालान्त परीक्षाही ते पास झाले नव्हते. त्यांनी या संघटनेला आयुष्यभरात सदतीस हजारांहून अधिक निरीक्षणे पाठवली. संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली, ती पुढे वेणू बापूंकडे गेली. चंद्र यांची निरीक्षणे आजही वापरता येतात, कारण प्रत्येकाला तारीख आणि वेळ आहे.

माझ्या सात वर्षांच्या नोंदी वापरता येत नाहीत. वेळ लिहिली असती तर उंची काढता आली असती आणि निदान ढोबळ दुरुस्ती करता आली असती. फेब्रुवारी-मार्चच्या, माथ्याजवळच्या नोंदी तेवढ्या वाचल्या. त्या शंभराच्या आत आहेत. उरलेल्यांवर मी तांबड्या शाईने रेघ मारली आहे. वह्या मात्र ठेवल्या आहेत, कारण ताऱ्याबद्दल नसली तरी सात हिवाळ्यांतल्या धुराबद्दलची ती काही एक साक्ष आहेच.

वाचकांना पडताळा पाहायचा असेल तर यंत्र लागत नाही. या डिसेंबरच्या मध्यावर रात्री सव्वाआठला पूर्वेला काक्षी आणि तिच्या वर रोहिणी पाहा, आणि कोण अधिक तेजस्वी ते लिहून ठेवा. सोबत वेळ आणि हवा लिहा. त्याच रात्री साडेबाराला, दोघी माथ्यावर आल्यावर, पुन्हा पाहा. चार तासांत काक्षी बदलत नाही. जो फरक दिसेल तो तुमच्या गावच्या हवेचा.

२०११ सालच्या त्या लेखात मी काक्षीला वार्षिक आवर्तन असल्याचे म्हटले होते. ते चूक होते. तो लेख मी येथे मागे घेते.